पाहुणीला न दाखवलेलं रान

त्या बाईनं वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिली. आमच्यात माती कपाळाला लावतात. तोंडात घातली तर पोटुशी बाई घालते, तीही चोरून. आणि ही साठीची बाई, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, दोन-तीन विमानं बदलून आलेली, माझ्या दिराच्या रानात उभी राहून माती चाखत होती. मग तिनं डोळे उघडले आणि मला एक गोष्ट विचारली. मी एका शब्दात उत्तर दिलं. तो शब्द खोटा होता, आणि त्या शब्दावर तिच्या गावानं राहायचं का उठून जायचं ते ठरवलं. म्हणून हे लिहायला बसले. लिहिणं माझं काम नव्हे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं जे काय आलं ते कागद दिसेल तो वाचून आलं. पण सांगून टाकल्याशिवाय घास गोड लागत नाही, असं झालंय खरं.

आधी टेलचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या शेवटाकडं. कालवा वर जिथं सुरू होतो ते हेड, संपतो ते टेल. अंगठा उठवणारी म्हातारी माणसंसुद्धा हे दोन शब्द बिनचूक बोलतात. हेडला पाणी कमरेएवढं, टेलला येईपर्यंत घोट्याएवढं, आणि उन्हाळ्याच्या पाळीला नुसता ओला गाळ. माझं माहेर कळस गावचं. लग्न ठरलं तेव्हा आमची चुलती म्हणाली होती, पोरगी टेलला देताय व्हय, मग भांड्यात दोन घागरी जास्ती द्या. आमचे हे पाटकरी होते. पाटाच्या दाऱ्या उघडायच्या, लावायच्या, कुणाची पाळी कधी ते बघायचं. गावातली निम्मी भांडणं आमच्या ओट्यावर यायची आणि चहा पिऊन जायची.

आता गंमत बघा. टेलच्या माणसाला पाणी कमी, म्हणून त्याची जमीन कोरडी पडून वाया जाईल असं तुम्हाला वाटेल. तसं होत नाही. टेलचा माणूस पाण्याला हपापलेला असतो. पुन्हा मिळंल का न्हाय, या भीतीनं मिळालेलं पाणी तो रानात कोंडून ठेवतो. ऊस गुडघाभर पाण्यात उभा. वर्षानुवर्षं असं केलं की खालचं मीठ वर येतं. एका उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरं फुटतं, पीठ सांडल्यासारखं. मग मीठ धुऊन जाईल म्हणून माणूस आणखी पाणी देतो, आणि आणखी पांढरं फुटतं. आमचं ओढ्याकडचं अडीच एकर असंच चोपण झालं. हे असताना झालं, आणि यांनीच केलं, दाऱ्याची किल्ली घरात असल्यावर हात आवरतो होय?

त्यावर इलाज आहे. जमिनीत भोकाभोकाचे पाइप पुरायचे, खारं पाणी त्यातून ओढ्याला काढून द्यायचं, चार-पाच वर्षांत रान माणसात येतं. सरकारी योजनेतून आमच्या रानात पाइप पुरलेही. पण त्यांचं तोंड ओढ्याला उघडायचं तर मध्ये भावकीतल्या एकाचा पट्टा. त्यातनं चर काढू द्यायला तो तयार होईना. हे गेल्यावर तर मुळीच नाही. प्रकरण तहसीलला गेलं, तिथनं पुढं. पाइपाच्या तोंडाला पोत्याचा बोळा कोंबलेला, तो अजून तसाच आहे. रान पांढरं ते पांढरं.

दोन वर्षांमागच्या थंडीत धाकटे दीर घरी आले. आमच्या पाणी वापर संस्थेचे ते चेअरमन. गाव त्यांना चेअरमनच म्हणतं, मी भावजी म्हणते. सांगायला लागले, बारामतीला परदेशी पाहुणे आलेत शेती बघायला, त्यातली एक गाडी आपल्या गावाला येणार, दुपारचं जेवण वैनी तुमच्याकडं. कुठले पाहुणे विचारलं, तर म्हणाले उझबेक का काय, रशियाच्या बगलेतलं.

मला जो आनंद झाला तो काय सांगू. त्या मुलखाची आणि माझी जुनी ओळख. आमच्या लहानपणी रशियाचं एक गुळगुळीत मासिक यायचं, मराठीतनं. पोरं त्याची कव्हरं घालायची पुस्तकांना. शाळा सुटल्यावर मी अक्षरं विसरले नाही ती त्या कव्हरांमुळं. त्यात एक चित्र होतं, कापसाच्या रानात बायका ओळीनं उभ्या, ओटीत कापूस, सगळ्या हसणाऱ्या. खाली लिहिलेलं, उझबेकिस्तानातील सामुदायिक शेतीवरील भगिनी. मग पुढं वाचनालयातनं सापडेल ते आणून वाचलं. दिल्लीचं तख्त घेणारा पहिला मोगल तिकडचा. रेशमाचे तांडे तिकडनं जायचे. खानांची राज्यं होती, ती रशियाच्या राजानं गिळली, मग राजालाच लाल झेंडेवाल्यांनी गिळलं. हे सगळं मी भावजींना उभ्या उभ्या सांगितलं. ते चप्पल घालता घालता म्हणाले, "वैनी, तुमी हितं भाकऱ्या कशाला थापताय, दिल्लीला जावा की."

जाताना मात्र थांबले. म्हणाले, त्यांच्यातल्या एका बाईला चोपण सुधारलेलं रान बघायचंय. तसं आधीच लिहून कळवलंय तिनं.

मी म्हटलं, आपल्याकडं सुधारलंय कुठं?

"माजं वरचं रान दावू. पाइप जमिनीत असत्यात, वरनं काय दिसतंय?"

भावजींचं वरचं रान माळाच्या उताराचं, त्याला जन्मात कधी मीठ शिवलेलं नाही. पण पाहुण्यापुढं घरातलं फाटकं अंथरूण कुणी टाकतं का? नवं नसलं तर शेजारनं मागून आणतो. मला त्यात खोटं असं काही वाटलंच नाही. पाहुणचाराचाच भाग वाटला तो.

गाडी आली. पाच-सहा पुरुष, काळ्या नक्षीच्या चौकोनी टोप्या घातलेले अधिकारी, आणि ती एक बाई. दुभाषे म्हणून बारामतीचे एक निवृत्त सर, आयुष्यभर रशियन शिकवलेले. पुरुष भावजींबरोबर ठिबकचं बघायला गेले. ती माझ्याकडं चुलीपाशीच आली, पाट ओढून बसली, आणि सर बिचारे दारात खुर्ची टाकून दोघींच्या मध्ये भाषांतर करत राहिले. म्हणाले, ताई, आयुष्यात एवढं रशियन बोललो नाही मी.

ती इतिहासाची मास्तरीण. अमू म्हणून मोठी नदी आहे तिकडं, तिच्या शेवटाकडचं गाव. नदी पूर्वी समुद्राला मिळायची. आता समुद्रही गेला आणि नदीही तिथवर पोचत नाही. मी सरांना म्हटलं, तिला सांगा, आपण दोघी टेलच्या. सरांना टेल सांगायला बराच वेळ लागला, शेपटी म्हणाले की काय कोण जाणे, पण तिला समजल्यावर तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि हसली. सोन्याचे दोन दात होते तिला.

इतिहासाला तिच्या भाषेत तारीखच म्हणतात. हे ऐकून मला हसूच फुटलं. मी सांगितलं, आमच्याकडं तारीख कोर्टात पडते, आणि एकदा पडली की पडतच राहते. ती म्हणाली, आमचीही तशीच. मग तिनं जे सांगितलं ते मी सरांच्या तोंडून ऐकलं, म्हणून थोडं इकडंतिकडं होईल. तिच्या आजीचा बाप खानाच्या राज्यात पाणी वाटायचा. मीराब म्हणायचे त्याला. मी म्हटलं म्हणजे पाटकरी, आमचे हे. तिनं मान हलवली. लाल राज्य आलं तेव्हा त्या मीराबाला धनदांडगा ठरवून उत्तरेला नेलं, परत आला नाही. त्याच्याकडं जुन्या अरबी अक्षरातल्या वह्या होत्या, पाण्याच्या पाळ्यांच्या. त्या अक्षराचा कागद घरात सापडला तरी माणूस उचलत, म्हणून आजीनं त्या रानात पुरल्या. पुढं सरकारनं अक्षरं बदलली, मग पुन्हा बदलली, आणि स्वतंत्र झाल्यावर तिसऱ्यांदा. आजी लिहायची ते आईला वाचता येईना, आईचं नातीला येत नाही. आमच्याकडंही मोडीचे कागद आहेत ट्रंकेत, चराच्या वाटेचा कागद त्यातलाच कुठला तरी असेल, वाचणारा कोण? पण आमची अक्षरं आपोआप मेली. त्यांची मारली.

आणि इतिहास? ती म्हणाली, मी एकाच वर्गात उभं राहून तीन इतिहास शिकवले. नोकरीला लागले तेव्हा पुस्तकात होतं, रशिया आला म्हणून आम्ही माणसात आलो. देश फुटला तेव्हा नवी पुस्तकं छापेपर्यंत जुनीच वापरायची होती, तर मुलांना सांगितलं, या पानापासून त्या पानापर्यंत चिकटवून टाका. मुलांनी कणीक लावून पानं चिकटवली. मग नवं पुस्तक आलं, त्यात जुन्या काळातला एक लंगडा बादशहा मोठा झाला, चौकातला जुना पुतळा काढून त्याचा बसवला. "आणि आमच्या गावाचा प्रमुख?" ती म्हणाली. "तेव्हा लाल झेंड्याच्या भाषेत बोलायचा, आता देशाच्या भाषेत बोलतो. माणूस तोच."

मी हे ऐकता ऐकता मासिकातल्या त्या चित्राचं सांगितलं, बायका हसत होत्या ते. तिचं तोंड जरा बारीक झालं. म्हणाली, आमच्या शाळेतही फोटो काढणारा आला होता. मी तेव्हा सातवीत. शरद लागला की शाळा बंद, सगळ्या पोरांनी कापूस वेचायचा, बर्फ पडेपर्यंत. वरून आकडा यायचा, एवढा कापूस झालाच पाहिजे. झाला नाही तर रिकामे डबे भरलेले म्हणून लिहायचे आणि आगगाडी पुढं ढकलायची. फोटोच्या दिवशी शहरातनं कोरे रुमाल आणले, पोरींच्या डोक्याला बांधले, हसा म्हणाले. फोटो झाल्यावर रुमाल मोजून परत नेले. त्या कापसासाठी नदी वरच्या वर वळवली आणि समुद्र गेला. समुद्रावर मासे डब्यात भरायचा कारखाना होता, तो बंद पडू नये म्हणून मग दुसऱ्या समुद्राचे मासे रेल्वेनं आणायचे. सर हे सांगताना हसले, ती नाही हसली.

पानात भाकरी वाढली. एक भाकरी टोपल्यात पालथी पडली होती, ती तिनं हळूच सुलटी केली. त्यांच्यात पालथी ठेवत नाहीत म्हणे. पिठलं, ठेचा, वर लोणी. तिनं सगळं खाल्लं, ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं तरी खाल्लं. शेवटी कोरा चहा मागितला आणि तो पिता पिता आपण का आलो ते सांगितलं.

तिच्या गावात चाळीसेक घरं उरलीत. जमीन सगळी पांढरी. वारा सुटला की मीठ उडतं, पोरं खोकतात. सरकार म्हणतं, उठा, दुसऱ्या जिल्ह्यात नव्या वसाहतीत घरं देतो, यादीत नावं घाला. ज्यानं नाव घातलं नाही त्याला पुन्हा घर नाही. म्हातारी माणसं उठायला तयार नाहीत, तिथं त्यांची मढी पुरलेली आहेत. तरण्यांना जायचंय. दौऱ्यात एक बाई हवी होती म्हणून हिचं नाव लागलं, तेव्हा गावानं हिला सांगितलं, बघून ये. आपल्यासारखी जमीन कुणी हातानं परत आणली असेल तर आपण राहू. नसेल तर यादीत नावं घालू. बाकीच्या टोप्या ठिबक बघायला आल्यात, ती म्हणाली, मी एवढंच बघायला आलेय.

त्या वेळी तरी मला सांगता आलं असतं. मी काय केलं, तर तिच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

गाडी भावजींनी वरच्या रस्त्यानं नेली. नेहमीचा रस्ता ओढ्याकडनं जातो, आमच्या चोपणाला लागून. वरनं गेल्यावर मध्ये उसाची भिंत उभी राहते आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. भावजींच्या रानात गहू होता, हिरवागार, वाऱ्यावर लवलवणारा. भावजींनी हात पसरून सांगितलं, हे सगळं पांढरं होतं, पाइप घातल्यावर असं झालं. टोप्यावाल्यांनी फोटो काढले. सर भाषांतर करत होते. सरांना तरी काय माहीत?

मग तिनं माती चाखली. आणि भावजींना नाही, मला विचारलं. सरांनी मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, तुम्ही टेलच्या आहात, तुम्ही सांगा. हे रान खरंच पांढरं होतं?"

उसाच्या त्या बाजूला शंभर पावलांवर माझं अडीच एकर पडलेलं. भावजी माझ्याकडं बघत होते. टोपीवाले बघत होते. तिचे डोळे तर मला अजून दिसतात.

मी म्हटलं, "व्हय."

सरांना भाषांतरसुद्धा करावं लागलं नाही, तिला मानेवरनंच समजलं. तिनं मला मिठी मारली, घट्ट, आणि रडली. रुमालाच्या टोकात मूठभर माती बांधून घेतली. भावजींनी नारळ दिला, शाल दिली, गाडी गेली. रात्रीच्या आत सगळं गाव मला म्हणत होतं, तुमी परदेशी पाव्हणीला रडवलं व्हय. कौतुकानं म्हणत होते.

तिचे निरोप सरांच्या फोनवर यायचे, सर मला फोन करून वाचून दाखवायचे. पहिला आला तो होळीच्या सुमाराला. गावाची बैठक झाली. हिनं रुमालातली माती सगळ्यांच्या हातावर थोडी थोडी ठेवली, म्हाताऱ्यांनी चाखली. गावानं राहायचं ठरवलं. बारा घरांनी ऐकलं नाही, त्यांनी यादीत नावं घातली आणि गेली. उरलेल्यांनी वर्गणी काढून पाइप आणायचं ठरवलं, चर हातानं खणणार. शेवटी लिहिलं होतं, भाकरी वाढणाऱ्या त्या टेलच्या बाईला सांगा, आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी तिच्यासाठी दुवा मागितली.

मी फोन ठेवला आणि भावजींच्या घरी गेले. म्हटलं, तिला खरं कळवायला पाहिजे. यादी अजून उघडी असंल. भावजी पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला नाही.

"वैनी, तिकडं एवढ्या लांब कोण बगाय जातंय? आन् पाइप काय वाईट हाय? चांगलंच हुईल त्येंचं."

मी म्हटलं, आपलं का झालं नाही मग.

"आपलं झालं न्हाय ते भावकीमुळं. त्येंच्यात भावकी हाय का?"

मलाही मनातनं ते पटवून घ्यायचंच होतं बहुतेक. म्हटलं खरंच की, उपाय तर खरा आहे, रान फक्त दुसरं दाखवलं. त्यांचं होईल. संपूर्ण उन्हाळा मी हेच घोळवत राहिले. ओढ्याकडं जायचं सोडलं. जनावरांना पाणी पाजायलासुद्धा वरच्या वाटेनं नेलं.

दुसरा निरोप दिवाळीनंतर आला. या वेळी सर फोन न करता बारामतीहून एसटीनं आले. त्यांचा मुलगा एमआयडीसीत आहे, गाडी आहे घरी, तरी एसटीनं आले, म्हणजे घरी न सांगता आले असणार. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि वाचायला लागले.

चर खणला. चार महिने, बायकांसकट. पाइप घातले. पण खारं पाणी काढून द्यायचं कुठं? पूर्वी समुद्राकडं उतार होता, आता तिथं नुसतं मिठाचं वाळवंट, वाऱ्यानं चर बुजतो. आणि रान धुवायला गोडं पाणी लागतं, ते या वर्षी आलंच नाही. नदीच्या वरच्या अंगाला आता वेगळे देश आहेत. पूर्वी सगळं एका राज्यात होतं, वरनं पाणी सोडायचं, खालनं कोळसा-गॅस पाठवायचा, राजधानीतनं हुकूम यायचा. आता ज्याचं त्याचं. वरचा देश थंडीत विजेसाठी पाणी सोडतो, उन्हाळ्यात अडवतो. मधले आपल्या कापसाला घेतात. टेलला काय, घोट्याएवढंसुद्धा नाही. पेरलेलं उगवलं आणि करपलं.

आणि मग तिनं विचारलं होतं. सर थांबले, पुन्हा वाचलं. पहिल्या वर्षी तुमचंही असंच झालं होतं का? किती वर्षांनी हिरवं झालं? लोक मला विचारतात. यादी पुन्हा उघडणार असं ऐकतोय, नक्की नाही. तुम्ही सांगाल तसं मी त्यांना सांगेन.

मी सरांना म्हटलं, चला.

चप्पल घातली आणि त्यांना ओढ्याच्या वाटेनं नेलं. दुपारचं ऊन होतं, रान डोळ्याला टोचत होतं इतकं पांढरं. मध्ये दोन वेड्या बाभळी, बाकी काही नाही. सर बांधावर उभे राहिले. मी त्यांना पाइपाचं तोंड दाखवलं, पोत्याचा बोळा दाखवला, उसाच्या भिंतीकडं बोट करून तिच्यामागं भावजींचं रान आहे तेही सांगितलं. त्यांना सगळं एकदम समजलं. शिकवणारा माणूस. खिशातनं रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "ताई, भाषांतर मी केलं होतं."

मी म्हटलं, बोलले मी होते.

त्यांनी फोनवर त्या रानाचं चित्रण केलं आणि मी मराठीत बोलले, खाली ते रशियनमध्ये लिहिणार होते. काय बोलले ते सगळं आठवत नाही. हे माझं रान. तुम्हाला दाखवलं ते कधीच पांढरं नव्हतं. आमचंही कधी हिरवं झालेलं नाही. यादी उघडली तर नावं घाला. एवढं म्हटल्याचं आठवतं.

भावजींना कळलं तेव्हा ते घरी येऊन उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. गावाची इज्जत घालवली म्हणाले. दाद्या असता तर असं वागला नसता वैनी तुमी, असंही म्हणाले. दाद्या म्हणजे आमचे हे. मी आपली तांदूळ निवडत राहिले. अजून ते बोलत नाहीत माझ्याशी. समोर आले तर वाट बदलतात.

उत्तर यायला सतरा-अठरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मी मनातल्या मनात तिच्या शिव्या खाऊन घेतल्या. आपल्या बायका देतात तशा, तळतळाट देतात तशा, सगळ्या. वाटायचं, एकदा देऊ दे, मग मोकळी होईन.

सर पुन्हा एसटीनं आले. निरोप लहान होता. रानाचं चित्रण तिनं बैठकीत दाखवलं. एक म्हातारा उठून गेला. यादी उघडली होती, पण दहाच घरं होती, तीही पलीकडच्या गावातल्या हाकिमाच्या माणसांनी घेतली. तिकडं तहसीलदारासारख्या अधिकाऱ्याला हाकीम म्हणतात. आता इथंच राहायचं, दुसरं काही नाही म्हणून. शाळेत सतरा मुलं उरलीत. सतराच्या खाली गेली की शाळा बंद होते, मग तीही मास्तरीण राहणार नाही.

एवढं वाचून सरांनी फोन खिशात ठेवायला घेतला. मी म्हटलं, संपलं?

एक ओळ आहे, म्हणाले, राहू द्या.

मी म्हटलं, वाचा. मी त्याच ओळीची वाट बघतेय.

सरांनी चष्मा लावला. "त्यांनी लिहिलंय, लोक म्हणतात तू तिला जाब विचार. पण मी तिच्या घरची भाकरी आणि मीठ खाल्लंय. आमच्यात ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर रागावता येत नाही. म्हणून मी रागावलेली नाही."

ओट्यापुढनं शेजारच्या शेळ्या गेल्या, सरांनी पाय वर घेतले. आपल्याकडंही खाल्ल्या मिठाला जागतातच की. पण तिनं जागावं आणि मी जागू नये, असा हा हिशेब कुठला? शिवी दिली असती तर अंगाला लागून पडून गेली असती. हे आत जाऊन बसलं.

सरांना म्हटलं, लिहा तिला. म्हणावं, मीठ तू खाल्लंस, पण जागायला मी पाहिजे होते. तू रागाव. राग धरलास तरच मला बरं वाटंल.

सरांनी लिहायला घेतलं. एक शब्द लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. म्हणाले, जागणं तिकडं कसं सांगायचं तेच समजत नाही, झोपेतून जागं होणं होतंय. राग धर म्हटलं तर हुकूम दिल्यासारखं होतंय. मी म्हटलं, मग बघा कसं जमतंय ते. शेवटची एसटी साडेपाचला होती, त्यांचं लक्ष सारखं रस्त्याकडं. शेवटी त्यांनी एकच शब्द लिहिला आणि मला दाखवला. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत.

काय लिहिलं विचारलं.

"माफ कर, एवढंच," म्हणाले. "बाकीचं जात नाही तिकडं."